खोली दाखवा

रविवार, सकाळचे पावणेदहा.
पडद्यातून एक कोवळा आवाज म्हणतो,
मॅडम, कॅमेरा फिरवून खोली दाखवा.

मी लॅपटॉप उचलते, ताटासारखा दोन्ही हातांनी,
आणि दाखवत जाते.
ही भिंत. हे कपाट, दार नीट लागत नाही.
ही लोखंडी कॉट, खाली गव्हाचं पिंप
आणि यशराजची क्रिकेटची बॅग.
ही खिडकी, तिच्याखाली दांडिया बाजारात
फाफड्यासाठी लागलेली रांग.
टेबलाखाली दाखवा. दाखवते.
कान दाखवा.
केस मागे घेऊन आधी डावा, मग उजवा.

असं दाखवून घेतल्याला चोवीस वर्षं झाली.
तेव्हा बैठकीत पाचजण होते,
त्यातल्या एका आत्याबाईंनी विचारलं,
बी.कॉम. पुरं झालंय ना हिचं?
आई म्हणाली, होईलच की.

नाही झालं.
कोणी अडवलं नाही, कोणी ढकललंही नाही.
मकरपुऱ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात
बिल्ट्या लिहायला पंधरा दिवसांसाठी मुलगी हवी होती.
मी गेले.
ते पंधरा दिवस अजून संपायचेत.

जुन्या मार्कशीटवर मी
खानविलकर चारुशीला दत्ताजीराव, अकाउंट्समध्ये एकसष्ट.
आधारवर शिर्के चारुशीला अजित.
कोठीच्या आवारात, झाडाखालच्या नोटरीने
स्टँप पेपरवर लिहून दिलं की या दोघी एकच.
सही करा, म्हणाला.
कोणती करू, हे मला विचारावं लागलं.

रात्री साडेदहानंतर
सर दीडपट वेगाने शिकवतात,
मी निम्म्या वेगाने भांडी घासते.
पुस्तक म्हणतं, माल पोचला की उत्पन्न धरावं.
पुस्तकाने कधी अंकलेश्वरच्या पार्टीकडे
फोन करून पैसे मागितलेले नाहीत.
तरी परीक्षेत पुस्तकासारखंच लिहायचं,
हे मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवलंय.

जिग्नेशभाई म्हणाले,
चारुबेन, हवे डिग्रीनुं शुं करशो?
मी म्हटलं, आधी जीएसटीचं रिटर्न जाऊ द्या,
मग सांगते.
रिटर्न गेलं. त्यांनी परत विचारलं नाही,
मलाही सांगता आलं नसतं.

खोलीत दुसरं कोणी नाही ना, मॅडम?
नाही.
दारापलीकडे सासूबाईंनी कुकर लावलेला नाही,
शिट्टी होईल म्हणून.
यशराज वायफायच्या डब्याजवळ बसलाय,
दूध उतू जाईल तसा त्याच्याकडे बघत.
अजित फाफडा आणायला गेला तो
खालीच उभा आहे, पुडी गार करत.
पण हे सगळं खोलीच्या बाहेर. खोलीत मी एकटीच.

प्रश्न अडतिसावा, घसारा.
कॉलेजात हा शब्द मी गुजरातीत पाठ केला होता, घसारो.
बाबा तो मराठीत समजावून सांगायचे
आणि उदाहरण नेहमी स्वतःच्या लुनाचं द्यायचे.
ऑफिसात त्यालाच डेप्रिसिएशन म्हणतात,
तो दर वर्षी एकतीस मार्चला मीच काढते,
सगळ्या ट्रकांचा.
"वापराने आणि काळाने मालमत्तेचं मूल्य घटत जातं.
चूक की बरोबर?"

मी थांबते.
फार नाही, सतरा मिनिटं उरलीत
आणि अजून बारा प्रश्न आहेत.
बरोबर, असं दाबते.
एकाच गुणाचा तर आहे.

बाहेर कोणीतरी पदरात दाबून शिंकतं.

मॅडम, आवाज आला.
हो, मी म्हणते, घर आहे.
परत दाखवू का खोली?